मधली खुर्ची

मुलाने नव्या लॅपटॉपला ऑनलाइन पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, "घ्याच. जुन्यात जीव अडकवू नका."

"माझा चालतोय की अजून," बाबा म्हणाले.

"बाबा, कंपनीने त्याचे अपडेट आजपासून बंद केलेत."

"चालताय तसे तुम्हीही," सून हसली.

नवी स्क्रीन काळी झाली. त्या काचेत मुलगा दिसला, सून दिसली आणि मधली खुर्ची रिकामी दिसली. खुर्चीत बसलेल्या बाबांनी हात हलवला. काचेत काहीच हललं नाही.

जुन्या लॅपटॉपच्या काचेत मात्र ते होते, हात हलवत.

"तो राहू दे रे," बाबा घाईने म्हणाले.

मुलाने तो मिटून भंगाराच्या खोक्यात टाकला.

"अरे, बाबा कुठे गेले?" बाबांच्या डोळ्यांतून आरपार बघत सुनेने विचारलं.

"बरंच झालं," म्हणत मुलाने टेबल मधल्या खुर्चीवर रेटलं.