तिसऱ्या पाळण्याचं नाव

पाळणा टांगून झाला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, गल्लीतल्या बायका ओसरीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि अभिमन अजून त्या एकाच शब्दावर अडून बसला होता.

"पांपालोनी," तो म्हणाला. सकाळपासून चौथ्यांदा.

सुगंधाबाईनं कपाळावर हात मारला. साक्रीहून निघून, धुळ्याला मोटार बदलून, अंगाचं पार भुस्कट करून घेत ती धाकट्या भावाच्या घरी बारशाला आली होती. आत्याचा मान तिचा. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार. आणि हा शहाणा तिला असलं काहीतरी सांगत होता, जे मेलं जिभेवर चढता चढत नव्हतं.

"कोनं नाव शे हाई? देवनं शे का मानूसनं?"

"आडनाव शे. इटलीमधलं."

"आडनाव? पोऱ्याले आडनाव ठेवस? मंग आपलं पाटील काय वाईट शे? तेच ठेव. पाटील अभिमन पाटील. बठ्ठं गाव हासी."

अभिमन हसला नाही. चिडलाही नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळं तरी होता आलं असतं. लढाईहून परत येऊन त्याला सहा वर्षं झाली होती. इटलीच्या डोंगरात लढला, मांडीवर गोळीचा वण घेऊन आला, पण तिकडचं एक अक्षर कधी बोलला नाही. आणि आता बोलला तो हा शब्द.

सुगंधाबाईच्या जिवाची नुसती तगमग चालली होती, आणि ती या नावासाठी नव्हती. या घरात याआधी दोन पाळणे टांगले होते. दोन्ही वेळा भटजीला विचारून, छान नाव काढून तिनंच कानात सांगितलं होतं. भास्कर एकवीस दिवस जगला. मनोहर पाचव्या महिन्यात गेला. सुगंधाच्या तोंडचं नाव लाभत नाही, असं विहिरीवर कोणीतरी म्हटलेलं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. म्हणून या खेपेला ती भटजीकडे गेलीच नाही. दगडू ठरवून आली होती. दगडाला कोण नेतं?

"दगडू ठेव," ती पुन्हा म्हणाली. "मना आयक."

"आपला दगडूआप्पा बी गयाच ना पलेगमा," अभिमन म्हणाला. "त्या नावले कोनी फसत नही आते."

आतल्या खोलीत प्रमिला बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. सकाळपासून तिनं नवऱ्याला एक शब्दही विचारला नव्हता. तिच्या मनात काय आहे ते सुगंधाबाईला दिसत होतं. गल्लीत कुजबुज सुरूच होती. मग सुगंधाबाईनंच भावाला दंडाला धरून चुलीपाशी ओढलं आणि तोंडावर विचारून टाकलं.

"खरं सांग. तठे कोनी मड्डम व्हती का?"

"व्हती," अभिमन म्हणाला. "साठ वरीसनी."

आणि मग सहा वर्षांत पहिल्यांदा तो बोलला. खाली बघत, चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं करत. मांडीत गोळी लागून तो डोंगरातल्या एका गावात पडला होता. पलटण मागं सरली होती. एका म्हातारीनं त्याला ओढत घरात नेलं. तिचा मुलगा लढाईत मेलेला. त्याचा सदरा तिनं याला घातला, त्याच्या खाटेवर निजवलं, नाकापर्यंत पांघरूण ओढलं. जर्मन शिपाई दारात आले. खाटेवर कोण आहे, म्हणाले. म्हातारी उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. माझा मुलगा आहे, पांपालोनी, लागट ताप भरलाय, हात लावाल तर तुम्हीही मराल, असं म्हणाली. ते बाहेरूनच परत गेले. असे अकरा दिवस. रोज ती त्याच्या छातीवर बोट ठेवून तेवढं एकच नाव म्हणायची, म्हणजे झोपेतही त्यानं त्याच नावाला ओ द्यावी.

"बाईना पांघरुणखाल लपेल व्हतू मी," तो म्हणाला. "गावले काय सांगू? पन मना जीव त्या नाववर वाचना, अक्का. पोऱ्याले द्यायले मनाकडे दुसरं काय शे?"

आतल्या खोलीत प्रमिला रडत होती. सकाळपासून या भावाला सुगंधाबाई किती टाकून बोलली होती. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, जसं तो लहान असताना पुसायची, आणि तीन वेळा ते नाव पुटपुटून बघितलं. तिसऱ्यांदा नीट आलं.

बाळ पाळण्यात गेलं. बायकांनी गाणं म्हटलं. सुगंधाबाई वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पण हलकेच, भीतभीत. सगळ्यांना आधीचे दोन पाळणे आठवत होते.

"हाई कसं नाव वं, सुगंधा?" म्हाताऱ्या धुरपदाबाईनं विचारलं. "आपला पोऱ्याले असं नाव?"

सुगंधाबाई उठली. बायकांकडे तिनं पाहिलंच नाही. उंबऱ्यापाशी जाऊन ती दारात आडवी उभी राहिली आणि बाहेरच्या रिकाम्या गल्लीकडे तोंड करून, कोणी ऐकत असेल तर त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाऊ आमना नही शे. पांपालोनीसना पोऱ्या शे."