पाचट

न्हावऱ्याची प्रतिभा पुण्यात लॅटिन शिकली आणि मध्ययुगातल्या एका ख्रिस्ती साधूच्या धर्मग्रंथांवर पीएचडी करू लागली. ‘पोरगी बाटणार’ अशी कुजबुज भावकीत सुरू झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, भैरूआबांनी, तिला घरी बोलावून घेतलं.

“तू ज्याचं वाचतीस, त्यो साधू शेवटी काय म्हणला?”

“जन्मभर देवावर लिहिलं, आन् शेवटी म्हणाला, हे समदं पाचट हाय. मग लिहिणंच सोडलं त्यानं.”

“त्यानंच सोडलं, मग तू कशापायी धरलंस?”

“आबा, ऊस तोडल्यावर मागं राहिलेला वाळला पाला, त्ये पाचट तुम्ही जाळता का?”

“न्हाई. रानातच कुजवतो. पुढच्या उसाला त्याचंच खत होतं.”

“मग मी तरी कशाला जाळू?”

आबा उठून ओट्यावर गेले. तिथं बसलेल्या भावकीला म्हणाले, “तिचं काम अजून बाकी हाय. उद्या मीच तिला एसटीत बसवून देणार.”