सीटचं माप

“शिलाईचं ओव्हरलॉक मशीन बघायला जायचंय म्हणालात,” मुलगी म्हणाली. “आणि आणलंत कुठे?”

दुकानातून निघताना शिंप्याच्या गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती. ती तशीच लोंबत ठेवून तो जुन्या गाड्यांच्या शेडमध्ये शिरला.

मुलगी दारातच थांबली, हाताची घडी घालून, उजव्या पायावर भार देऊन. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. गाडीतच गेली होती ती. तेव्हापासून मुलगी कुठेही जायची ती बसने, नाहीतर पायी.

दलाल हात पुसत पुढे आला. “कशी गाडी हवी, काका?”

“स्पोर्ट्स कार. रोज कामावर नेता आली पाहिजे, आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर पळवता आली पाहिजे.”

“हौस दांडगी आहे. या वयात...”

“गाडी दाखवा. वय नंतर मोजा.”

पहिली लाल होती, आरशासारखी चकाकणारी. शिंप्याने रंगाकडे पाहिलंच नाही. गुडघ्यावर बसून त्याने पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळवा फिरवला.

“आतून पार झिजलाय. ट्रॅकवर हाणलीय हिला, आणि तुम्ही वरून पॉलिश मारलंय.”

“एकाच मालकाची आहे, काका.”

“मग एकट्याने हाणली.”

दलाल हसला नाही. “तुम्ही शिवणकाम करता ना? हे कुठे शिकलात?”

“ट्रॅकच्या कडेला उभं राहून. पुष्कळ वर्षं.”

दुसरी काळी होती. दलालाने चालू करून दिली. “एक चक्कर मारून बघा.”

“तुम्ही मारा. मला आवाज ऐकायचाय.”

दलाल एकटाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. येताना गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. शिंप्याने दारातून आत वाकून हातानेच क्लच दाबून पाहिला.

“दगड आहे नुसता. रोजच्या गर्दीत डाव्या पायाचं काय होईल? आणि संध्याकाळपर्यंत पाठीचा एक मणका जागेवर राहायचा नाही.”

“काका, स्पोर्ट्स कार म्हणजे पलंग नव्हे.”

“पलंग मागायला मी तुमच्याकडे आलो असतो का?”

तेवढ्यात मुलगी दारातून आत आली. आवाज न चढवता ती बोलली, पण शेडमधला मेकॅनिक हातातला पाना तसाच धरून उभा राहिला.

“तुम्हाला लाज कशी वाटत नाही, बाबा? एक जीव गेला, तेवढ्याने भागलं नाही?”

“जीव गाडीने घेतला नाही.”

“मग कुणी घेतला? नाव घ्या ना. वर्ष होत आलं, घरात एकदाही नाव घेतलं नाही कुणी. ताटं वाढायची, मुकाट जेवायचं आणि आपापल्या खोलीत जायचं.”

शिंप्याने काळ्या गाडीचं दार आपटून लावलं.

“ही गाडी घरी आली ना,” ती म्हणाली, “तर त्या घरात मी राहणार नाही. सांगून ठेवते.”

“आत्ता तरी कुठे राहतेस? ताट नि उशी तेवढी घरी असते.”

ती पुन्हा दाराशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. दलाल जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “अपघात झाला होता का?”

“समोरच्या ट्रकचा टायर फुटला. तो आडवा आला.”

“मग गाडी चालवणाऱ्याची काय चूक त्यात?”

“हेच तर मी म्हणतोय,” शिंपी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. “पोलिसांनीही हेच लिहिलं.”

“म्हणायला सोपं असतं,” ती पाठमोरीच म्हणाली.

तिसरी गाडी कोपऱ्यात होती. करडी, छोटी, दोनच सीटची. कुणी तिला पुसलंही नव्हतं. शिंप्याने ब्रेकच्या तबकडीच्या कडेवर नख फिरवलं. खाली वाकून इंजिनचा तळ पाहिला. तेलाचा थेंब नव्हता. क्लच हाताने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पहिल्यांदाच त्याने मान हलवली.

मग गळ्यातली टेप काढली. क्लचपासून सीटच्या पाठीपर्यंत माप घेतलं, सीट पुढे सरकवली, पुन्हा मोजलं. पाठ जराशी उभी केली. स्टिअरिंगपासून पाठीपर्यंतचं अंतर घेतलं आणि बोटभर कमी केलं.

“काका, गाडीला सफारी शिवताय का?” दलाल म्हणाला.

शिंपी आत बसला. धिप्पाड माणूस. गुडघे स्टिअरिंगला टेकले, पोट अडलं.

“अहो, सीट मागे घ्या. गुडघे कानाला लागतील.” दलालाने खटक्याकडे हात नेला.

“हात लावायचा नाही सीटला.”

दलालाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. शिंप्याने तसंच अवघडून आरशात पाहिलं, पट्टा ओढून सोडला आणि कण्हत बाहेर आला.

“हीच. फिरवून बघू.”

“ती गाडी बाहेर येऊ दे, मी निघाले,” मुलगी म्हणाली. पण निघाली नाही.

दलाल किल्ली घेऊन आला तेव्हा शिंपी गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला होता. पट्टाही लावला होता. दलाल गोंधळून उघड्या दाराशी किल्ली धरून उभा राहिला.

“मला काय देता?” शिंपी चिडून म्हणाला. “मला गाडी येत नाही; ट्रॅकवर ती पळवायची, मी कडेला असायचो. तिला द्या. सीट तिच्या मापाची लावलीय. आणि तिला सांगा, आईच्या जागेवर बाप बसलाय.”