पातळ ऑइल

"हाय आवाज," नथू म्हणाला. "ऐक की नीट."

मोहिद्दीनने उघड्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. गाडी चालूच होती. सत्त्याण्णव सालची पेट्रोल गाडी. तिच्यातून नथू घाट चढून लवासाला अंडी नि पाव पोचवायचा. पंधरा दिवसांत तो तिसऱ्यांदा पौडच्या या गॅरेजात आला होता आणि तिसऱ्यांदा तेच सांगत होता.

"काय बी आवाज न्हाई. मख्खन चालतीय."

"अरे, डबड्यात खडे घालून हलवल्यागत वाजतंय! घाट चढला की लईच. वर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो."

"दिव्याचा स्विच मागल्या खेपेला नवा टाकलाय ना?"

"म्हंजे दिवा खोटा, मी बी खोटा, तू यकटाच खरा?"

मोहिद्दीनने हातातलं फडकं बॅटरीवर आपटलं. चाळीस वर्षं त्याने इंजिनं कानाने तपासली होती. गाडी फाट्यावरून वळायच्या आत काय बिघडलंय ते तो सांगायचा, आणि लोक ते ऐकायला थांबायचे. आता अंडीवाला त्याला शिकवत होता.

"तुझ्या मनात आवाज हाय," तो म्हणाला. "दोन महिन्यांमागं नवं ऑइल घातलं तवा तूच शेजारी हुबा हुतास. किती गप झाली गाडी!"

"गप कुटं झाली? मला वाटलं, नवं हाय, बसंल हळूहळू. तू हसत हुतास, म्हनून मी बोललो न्हाई."

ते ऑइल पाच-तीस होतं, नव्या गाड्यांना लागतं ते, पाण्यासारखं पातळ. जुन्या, झिजलेल्या इंजिनांना मोहिद्दीन आयुष्यभर घट्ट वीस-पन्नासच घालत आला होता. एक सेल्समन फारच मागे लागला, म्हणून नथूच्या गाडीत पाच-तीस ओतून पाहिलं. गाडी चालू केली, कान दिला, आणि तो चकित झाला. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेटची बारीक टिकटिकसुद्धा नाही! त्या दिवसापासून येईल त्या जुन्या गाडीत तो तेच घालत होता.

मागच्या खोलीतून त्याची मुलगी जस्मीन बाहेर आली. उरवड्याच्या कंपनीत तिची दुसरी पाळी होती. बस गाठायच्या घाईत ती डबा पिशवीत कोंबत होती. गाडीपाशी येताच ती थबकली.

"अब्बा, बंद करा ती! केवढी वाजतीय!"

मोहिद्दीनने वळून पाहिलं. "तू बी सुरू झालीस?"

"मला आत भांडी घासताना ऐकू येत होतं."

जस्मीन इंजिनाकडे पाहत नव्हती, बापाकडे पाहत होती. आणि तिचं ते पाहणं मोहिद्दीनला नथूच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"समद्यांला आवाज येतोय," तो ओरडला, "मग मलाच कसा येत न्हाई?"



त्याने फळीवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर ओढून काढला. टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली. काही नाही. दुसरा कान लावला. लांबून वारा वाहिल्यासारखं काहीतरी, बस. त्याने दात आवळले. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, ती तेलकट मूठ त्याने दातांत धरली.

खट्‌खट्‌खट्‌खट्‌. दातांतून थेट डोक्यात. कोरड्या लोखंडावर लोखंड आपटत होतं.

त्याने मूठ सोडली नाही. डोळे मिटून बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"बंद कर," शेवटी तो नथूला म्हणाला.

त्याने गाडीखाली ट्रे सरकवला. खालचा बोल्ट सोडला. गरम ऑइल काळ्या चहासारखं भसाभसा ट्रेमध्ये पडलं. बोटांच्या चिमटीत धरलं तर त्यात काही दमच उरला नव्हता. एवढ्या झिजलेल्या इंजिनात ते टिकणार कसं? त्याने बोल्ट पुन्हा आवळला. मागच्या कोपऱ्यात वीस-पन्नासचा डबा होता. त्यावरची धूळ पुसून त्याने तो इंजिनात ओतायला घेतला. मधासारखी जाड धार सावकाश उतरत राहिली. जस्मीनची बस फाट्यावरून निघून गेली. ती मात्र अब्बांपाशीच थांबली.

नथूने किल्ली फिरवली. गाडी तापेपर्यंत चालू ठेवली. या वेळी मोहिद्दीनने इंजिनाला कान लावला नाही. तो नथूच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. हळूहळू नथूच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"आता कसं," नथू म्हणाला. "बारीक हाय थोडा, पर लई कमी झाला. दिवा बी लागत न्हाई."

"येक दिवस इंजिन खोलावं लागंल. तवर ह्येच घालायचं. दुसरं कुनी कायबी सांगितलं तरी ह्येच." त्याने बॉनेट खाली ओढलं. "मी सांगितलं तरी."

नथू गाडी घेऊन गेला. मोहिद्दीन पायरीवर बसला आणि पातळ ऑइल घातलेल्या गाड्या बोटांवर मोजू लागला. भिवाजीची जीप. शाळेची व्हॅन. सगुणाबाईच्या जावयाची गाडी. घोटवड्याच्या त्या डॉक्टरांची. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची सुरू झाली.

"अब्बा, सोडा ना आता," जस्मीन म्हणाली.

"फोन काढ. दोन महिन्यांत आलेल्या समद्या जुन्या गाड्या परत बोलव. म्हनावं, ऑइल चुकलं."

तिने फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला. "तुम्हीच बोला. तुमचं ऐकतात सगळे."

मोहिद्दीनने मान हलवली.

"तूच बोल," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई."