पत्र्यावरचं पाणी

“बॉलकॉक बसवला की टाकी भरल्यावर पाणी आपोआप बंद होतंय,” नळकाम करणारा अण्णासो गच्चीवरून उतरत म्हणाला. “मग वाहायचा प्रश्नच न्हाय.”

खाटेवर बसलेल्या रत्नव्वांनी मान हलवली. “मला नगं ते.”

“दोडव्वा, तुला काय कळतंय?” वीरेश वैतागला. “बसवा हो पावणं.”

वीरेश त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. थोरली चुलती म्हणून त्यांना दोडव्वा म्हणायचा. राजारामपुरीतल्या या घरात त्या एकट्याच राहत. रोज सकाळी नळाला पाणी आलं की त्यांची टाकी भरून वाहू लागे आणि ते पाणी शेजारच्या झुंबरबाईंच्या पत्र्यावर आदळे. मग झुंबरबाई खणखणीत शिव्या घालत, आणि तेव्हा कुठे रत्नव्वा उठून कॉक बंद करत. शिव्या खाल्ल्याशिवाय म्हातारीचा दिवस सुरू होत नाही, असं म्हणून गल्ली हसायची.

वीरेशला हसू येत नव्हतं. मागच्याच महिन्यात रत्नव्वा न्हाणीत घसरल्या होत्या. त्यात हे रोजचं विसरणं. उद्या ही पडली आणि कुणाला कळलंच नाही तर? टाकीला कंटाळून झुंबरबाईंनीच एसटीडी बूथवरून फोन केला होता, म्हणून तो गडहिंग्लजहून आला होता.

अण्णासोने गळक्या नळांचे वायसर बदलले, संडासातली सतत वाहणारी फ्लशची टाकी दुरुस्त केली आणि शेवटी गच्चीवर बॉलकॉक बसवला. झुंबरबाई मुद्दाम बघायला आल्या. दोघी म्हाताऱ्या, दोघी एकट्या, आणि त्या शिव्या सोडल्या तर दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला. झुंबरबाई पायरीवर टेकल्या.

“बरं झालं बाबा,” त्या दम खाऊन वीरेशला म्हणाल्या. “माझा पत्रा तरी सडायचा वाचला.”

“पाणीबी वाचलं की, मावशी.”

“व्हय. आता हिलाबी सांग, डोकं ठिकाणावर ठेव म्हणावं.”

रत्नव्वा भिंतीकडे तोंड करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, टाकी भरली आणि पाणी थांबलं. थेंबही वाया गेला नाही. वीरेश स्वतःवरच खूश होता. रत्नव्वांचा चहा मात्र कपात तसाच निवला.

“वीरेश, बाहेर कोण बोलतंय काय?”

“कोण न्हाय. कसं निवांत वाटतंय बघ!”

दिवसभर त्या हेच विचारत राहिल्या. जेवल्याही नाहीत. संध्याकाळपर्यंत वीरेशची खात्री पटली, म्हातारीचं काही खरं नाही. आता हिला इथे ठेवायचं नाही. घराला कुलूप घालायचं आणि गडहिंग्लजला न्यायचं.

त्याने तसं सांगितलं तेव्हा त्या भांडल्या नाहीत.

“सकाळचं पाणी येऊ दे,” एवढंच म्हणाल्या. “मग बघू.”

सकाळी तो त्यांची लुगडी पिशवीत भरत होता. जिन्यावर पावलं वाजली. खाट रिकामी दिसली तसा तो वर धावला.

रत्नव्वांनी टाकीचं झाकण काढलं होतं. कोपरापर्यंत हात आत घालून त्यांनी बॉलकॉकचा तरंगता गोळा पाण्याखाली दाबून धरला होता. त्यामुळे पाणी बंद होईना; काठाला आलं, उतू गेलं आणि खाली पत्र्यावर आदळू लागलं.

“दोडव्वा, खुळी झालीस काय? सोड ते!”

“गप. ऐक.”

त्याने त्यांचा दंड धरला. त्यांनी हिसडा दिला. आपल्या माणसाची अशी दशा बघून वीरेशला रडू फुटायचं बाकी होतं. पाणी धो धो पडतच होतं. गल्लीत एकजण सायकल थांबवून वर बघू लागला.

पत्र्याखालून एकही शिवी आली नाही.

रत्नव्वांनी गोळा सोडला.

“पळ,” त्या म्हणाल्या. “झुंबरबाईचं दार फोड.”