आधी विचारलेला प्रश्न

स्वयंपाकघराशेजारच्या, आईंच्या बाथरूममध्ये तांब्या पडला. फरशीवर ठणठणत घरंगळला आणि थांबला.

तेजस्विनीने श्वास रोखला. मांडीवरचा सोनू किंचित हलला, चोंदलेल्या नाकातून बारीक शिट्टी वाजली आणि तो पुन्हा झोपला. तिने त्याच्या कपाळावरचे ओलसर केस मागे सारले. रात्रभर खोकून आत्ता कुठे डोळा लागला होता.

आई म्हणजे सासूबाई, सत्यशीलाबाई. नातवाला सर्दी झाल्यापासून घरातली फट न् फट बुजवत सुटल्या होत्या. त्या आंघोळीला गेल्या की तेवढाच वेळ तेजस्विनीचा. बाहेर आल्या की पूजा, त्यांचा दुसरा चहा, सोनूचा काढा. आज जाता जाता टॉवेल खांद्यावर टाकून त्या दारात घुटमळल्या होत्या.

“तेजू, एक विचारू का गं?”

“आई, आत्ता नको ना. हा उठायच्या आत थोडं काम करू दे.”

“बरं बरं. कर तू.”

काम म्हणजे ‘घरदुरुस्ती’ हा ऑनलाइन गट. सोनू होण्याआधी ती गीझर-शेगड्यांची सर्व्हिस इंजिनियर होती. नोकरी सुटली, गट राहिला. तिथे ती ‘ज्वाला’ होती. घरात हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, नवऱ्याला, इंद्रजीतलासुद्धा. तिथे तिला कुणी ‘सोनूची आई’ म्हणत नसे, ‘मॅडम’ म्हणत. आज गटाचे प्रमुख भीमराव नवा अॅडमिन नेमणार होते. दोन वर्षांत तिला स्वतःसाठी काही हवंसं वाटलं असेल, तर ते एवढंच.

‘तुम्ही नवख्यांचे लाड करत नाही, मॅडम,’ भीमरावांनी काल लिहिलं होतं. ‘प्रश्न झटपट निकाली काढता. असंच माणूस हवंय.’

झटपट म्हणजे फक्त पहिली ओळ वाचायची. सकाळच्या पहिल्या चहाबरोबरच तिने एक प्रश्न निकाली काढला होता. गुलाबाच्या फोटोचं, बिननावाचं नवं खातं. ‘गॅस गीझरची ज्योत पिवळी दिसते. चालेल का?’ पुढचं न उघडताच तिने लिहिलं होतं, ‘हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. शोधायचे कष्ट घ्यावेत. प्रश्न बंद.’

आता त्याखाली जुनी मंडळी जमली होती.

‘पिवळी आवडत नसेल तर निळी मागवा, साहेब.’

‘फोडणीची हळद उडाली असेल.’

‘असल्यांना गीझर विकतं कोण?’

तेजस्विनीने तोंडावर हात दाबून हसू आवरलं.

बाहेरच्या खोलीत आईंचा फोन टिंग करून वाजला. मग पुन्हा, आणि पुन्हा. आईंचं भजनी मंडळ जागं झालेलं दिसत होतं. सोनू उठेल म्हणून ती अलगद त्याला गादीवर ठेवून गेली आणि फोन न बघताच सोफ्यावरच्या उशीखाली सारून आली. बाथरूममधून पाण्याचा आवाज येतच होता. आज आईंना जरा वेळच लागत होता. बरंच झालं.

मग भीमरावांचा निरोप आला. ‘अभिनंदन. आजपासून तुम्ही अॅडमिन.’

तिने तो दोनदा वाचला. सांगायला जवळ कुणी नव्हतं. तेवढ्यात सोनूच उठून बसला आणि तिच्या दंडाला चिकटून फोनमध्ये डोकावला.

“आई, हे काय?”

“ज्योत आहे, राजा. अशी निळी हवी.”

“पिवली नको?”

“नको. हवा मिळाली नाही की ती पिवळी होते.”

“हवा का नाही मिलाली?”

ती हसली. याच्या प्रश्नांना तिने कधी ‘आधी विचारलंस’ म्हटलं नव्हतं. मग तो गुलाब डोळ्यांपुढे आला. कोण बिचारं असेल! अॅडमिन म्हणून पहिलं काम चांगलं करावं, असं तिला वाटलं. तिने बंद केलेला प्रश्न पुन्हा खुला केला आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

‘गॅस गीझरची ज्योत पिवळी दिसते. चालेल का? घरात बाळाला सर्दी आहे, वारा नको म्हणून परवा बाथरूमची खिडकी कागद चिकटवून बुजवली. तेव्हापासून आंघोळ झाली की डोकं जड होतं, मळमळतं. वयामुळे असेल का? घरात यातलं जाणतं माणूस आहे, पण त्याच्यामागे आधीच फार व्याप. सारखं काय विचारायचं? चुकलं असल्यास क्षमा.’

तिची बोटं भराभर चालू लागली. ‘गीझर आत्ताच्या आत्ता बंद करा. खिडकी उघडा. त्या बाथरूममध्ये आंघोळीला जाऊ नका, आत विषारी वायू साठतोय.’

तिने उत्तर पाठवलं.

बाहेर, सोफ्यावरच्या उशीखाली, टिंग वाजलं.

“आजीचा फोन!” सोनू म्हणाला. तो कान देऊन ऐकत राहिला. बाथरूममध्ये पाणी पडतच होतं, एकसारखं, एकाच जागी.

“आई,” त्याने विचारलं, “आजी बाहेर का नाही येत?”