पापांचा हॉर्न

लेफ्टनंट गव्हर्नरच्या निवडणुकीला मी उभी राहिले, तेव्हा पापा एवढंच म्हणाले होते, "गव्हर्नर परगावी गेला की घर राखायचं, हेच ना ते काम?"

आमच्या हवाई बेटांवर उमेदवार रस्त्याच्या कडेला उभा राहून हात हलवतो. मीही तीन महिने रोज सकाळी गळ्यात फुलांची माळ घालून, नावाची पाटी धरून हिलो शहराच्या चौकात उभी होते. मासळीवाले, शाळेतल्या बाई, ओळखदेख नसलेली माणसंसुद्धा हॉर्न वाजवून साथ द्यायची. सात वाजता पापांची सरकारी बस यायची. स्टिअरिंग धरून पापा नाकासमोर बघत निघून जायचे. हॉर्न सोडाच, मानही वळायची नाही.

काल निकाल लागला. मी हरले.

आज रिवाजाप्रमाणे आभाराची पाटी घेऊन पुन्हा तिथेच उभी राहिले. हरलं तरी हात हलवायचाच असतो. सातला बस आली आणि तिचा हॉर्न जो सुरू झाला, तो थांबेचना. सिग्नल हिरवा झाला तरी पापांचा हात हॉर्नवरच. मागच्या गाड्याही वाजवायला लागल्या.

मी धावत खिडकीशी गेले. "पापा, आता काय उपयोग? मी हरले!"

"म्हणूनच तर! कालपर्यंत तू उमेदवार होतीस आणि बस सरकारची," पापा डोळे पुसत ओरडले. "आज तू नुसती माझी लेक आहेस."